दोस्त देशात खुर्ची बदलली, आता संबंधांचं काय होणार? स्वतःच अंदाज बांधायची पद्धत

निवडणुकीचा निकाल लागला की तासाभरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता सगळं उलटंपालटं होणार, दुसरी म्हणते छे हो, नेते येतात जातात, देशाचं हित तेच राहतं. दोन्हीकडचे लोक एकदम ठाम बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कुठली गोष्ट एका सहीत बदलते, कुठलीला वर्ष लागतं आणि कुठली नव्या नेत्याच्या एकट्याच्या हातातच नसते, एवढं वेगळं करता आलं ना, की पुढच्या वेळी कुठल्याही देशात सत्ता बदलली तरी तुम्ही बऱ्यापैकी अंदाज बांधू शकता. मी बातम्या वाचताना जसं बघतो तसं खाली देतोय, क्रम मागेपुढे झाला तरी चालेल पण पहिली पायरी सोडू नका.

आधी कागद बघा

"मित्रदेश" हा शब्द बातम्यांमधे कुणालाही लावतात. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या दोन देशांमधे खरंच संरक्षण करार आहे का ते शोधायचं. नाटोचा करार १९४९ चा, अमेरिका-फिलिपिन्स १९५१, अमेरिका-दक्षिण कोरिया १९५३, अमेरिका-जपानचा सध्याचा १९६० चा. हे सगळे करार नेटवर आहेत आणि आश्चर्य वाटेल इतके छोटे आहेत, नाटोचा तर फक्त १४ कलमांचा आहे, चहा संपेपर्यंत वाचून होतो.

वाचताना दोन कलमं शोधायची. एक मदतीचं आणि एक बाहेर पडायचं. नाटोचं कलम ५ सगळ्यांना तोंडपाठ असतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, पण पुढचा भाग फार कमी लोक वाचतात, तिथे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला जी कृती गरजेची वाटेल ती करेल. म्हणजे फौज पाठवायलाच पाहिजे असं नाही. आता हे "गरजेची वाटेल" ठरवणार कोण, तर त्या वेळी खुर्चीवर जो असेल तो! त्यामुळे कागद जसाच्या तसा राहूनही त्याची किंमत नेत्यागणिक कमीजास्त होऊ शकते आणि हे एकदा डोक्यात बसलं की "करार तर आहे ना, मग काळजी कशाला" हे वाक्य तुम्ही परत बोलणार नाही.

बाहेर पडायचं कलम बहुतेक ठिकाणी एक वर्षाच्या नोटिशीचं असतं. नाटोत कलम १३. त्यात एक मजा आहे, बाहेर पडणाऱ्याने नोटीस अमेरिकेच्या सरकारला द्यायची आणि अमेरिकेने ती बाकीच्यांना कळवायची. अमेरिकेलाच बाहेर पडायचं झालं तर नोटीस स्वतःलाच द्यायची काय कोण जाणे.

फाडायचा हक्क कुणाचा

कागद कळला की मग हे बघायचं की नवीन नेता एकटा तो मोडू शकतो का. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे तैवान. डिसेंबर १९७८ मधे जिमी कार्टर यांनी जाहीर केलं की तैवानबरोबरचा संरक्षण करार संपवतोय, एक वर्षाची नोटीस दिली, सिनेटला विचारलं नाही. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टाने १९७९ च्या शेवटी त्यांचा दावा फेटाळला पण राष्ट्राध्यक्षाला असा हक्क आहे की नाही याचा निकाल काही दिला नाही. करार संपला. पण दरम्यान अमेरिकी काँग्रेसने तैवान रिलेशन्स अ‍ॅक्ट केला आणि तैवानला शस्त्रं देत राहायची सोय कायद्यातच घालून ठेवली, ती आजही चालू आहे. म्हणजे राष्ट्राध्यक्षाने एक दार बंद केलं आणि संसदेने खिडकी उघडी ठेवली.

डिसेंबर २०२३ मधे तर अमेरिकेने असा कायदाच करून ठेवला की सिनेटच्या दोन तृतीयांश मतांशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय राष्ट्राध्यक्षाने नाटो सोडायचं नाही. असा कायदा सत्ताबदलाच्या आधीच घाईने होत असेल तर समजायचं की आतल्या लोकांनाच कसली तरी धास्ती आहे. मला विचाराल तर हा सिग्नल कुठल्याही भाषणापेक्षा मोठा.

एका सहीत काय काय बदलतं

इथे जरा जास्त वेळ घालवा कारण पहिल्या वर्षातल्या बातम्या सगळ्या इथूनच येतात. करार मोडायला वर्ष लागतं हो, पण करार न मोडता दुखवता येईल अशा गोष्टी भरपूर आहेत आणि त्यांना ना नोटीस लागते ना संसद.

लष्करी सराव ही त्यातली पहिली. जून २०१८ मधे सिंगापूरला किम जोंग उन यांना भेटल्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत सहज सांगून टाकलं की दक्षिण कोरियाबरोबरचे मोठे सराव थांबवतोय. सोलला याची आधी कल्पना नव्हती. करार १९५३ चा, जसाच्या तसा, एक अक्षर हललं नाही.

दुसरी म्हणजे गुप्त माहिती आणि शस्त्रांचा पुरवठा. युक्रेन हा अमेरिकेचा कराराने बांधलेला मित्र नाही हे लक्षात ठेवून हे उदाहरण बघा. २८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाईट हाऊसमधे झेलेन्स्की यांच्याबरोबर कॅमेऱ्यासमोर वादावादी झाली, पुढच्या आठवड्यात लष्करी मदत थांबली, मग गुप्त माहिती देणं थांबलं आणि ११ मार्चला जेद्दाहच्या बैठकीनंतर दोन्ही परत सुरू झालं. थांबलं किती दिवस ते महत्त्वाचं नाही, थांबू शकतं हे सगळ्या युरोपने बघितलं ते महत्त्वाचं.

तिसरी, टॅरिफ म्हणजे आयातकर. २०१८ मधे अमेरिकेने स्टीलवर २५ टक्के टॅरिफ लावला तो "राष्ट्रीय सुरक्षे"च्या कलमाखाली, म्हणजे ज्या देशांबरोबर सुरक्षेचा करार आहे त्यांच्याच मालापासून सुरक्षेला धोका असं लिहून. जपानला सूट मिळाली नाही. हे सांगतोय कारण शिंझो आबे यांनी नोव्हेंबर २०१६ मधे, ट्रम्प यांनी शपथ घ्यायच्याही आधी, न्यूयॉर्कला जाऊन त्यांची भेट घेतली होती, सोन्याच्या रंगाची गोल्फ स्टिक भेट दिली होती, नंतर दोघं गोल्फपण खेळले, जगात इतकी जवळीक दुसऱ्या कुणाला जमली नाही असं सगळे म्हणत होते. तरी जानेवारी २०१७ मधे अमेरिका ट्रान्स पॅसिफिक व्यापार करारातून बाहेर आणि वर्षभराने स्टीलवर टॅरिफ. मग आबेंनी मिळवलं काय? तर फेब्रुवारी २०१७ च्या संयुक्त निवेदनात एक वाक्य मिळवलं, की अमेरिका-जपान संरक्षण कराराचं मदतीचं कलम ५, चीनही हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांना लागू आहे. माझ्या मते गोल्फ वसूल झालं. पर्सनल मैत्रीने पॉलिसी फिरत नाही पण नेत्याच्या अखत्यारीतली अशी वाक्यं नक्की मिळतात.

गाळलेलं वाक्य शोधायची सवय लावा

वरच्यावरून आठवलं. मित्रदेशांच्या निवेदनांमधे काही वाक्यं वर्षानुवर्षं तशीच छापली जातात, वाचून कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातच माहिती असते. नवीन नेत्याच्या पहिल्या निवेदनाशेजारी आधीच्या नेत्याचं शेवटचं निवेदन ठेवा आणि काय गळलंय ते बघा. मे २०१७ मधे ब्रुसेल्सला नाटोच्या नव्या मुख्यालयात ट्रम्प बोलले, समोर ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचं स्मारक होतं, आणि कलम ५ आजवर एकदाच वापरलं गेलंय तेही त्या हल्ल्यानंतर अमेरिकेसाठीच, तरी भाषणात त्या कलमाला आम्ही बांधील आहोत हे वाक्य नव्हतं. दोन आठवड्यांनी रोमानियाच्या राष्ट्राध्यक्षांबरोबरच्या पत्रकार परिषदेत ते आलं. मधले दोन आठवडे युरोपातल्या राजधान्यांमधे दुसरा विषय नव्हता.

पहिला दौरा कुठे केला याच्यावर मात्र फार चर्चा होते आणि मला ते ओव्हररेटेड वाटतं. नेता आधीच्या सवयीपेक्षा वेगळीकडे गेला तरच त्याला अर्थ. मार्क कार्नी मार्च २०२५ मधे कॅनडाचे पंतप्रधान झाले आणि तीन दिवसांत पॅरिस-लंडनला गेले, वॉशिंग्टनला नाही, तेही शेजारी अमेरिकेत कॅनडाला आपलं ५१ वं राज्य करायची भाषा चालू असताना, तर त्यात संदेश होता. बाकी फोटो आणि मिठ्या सोडून द्या.

विरोधात असताना काय बोलला होता, आणि ते त्याच्या हातात आहे का

ही पायरी मला सगळ्यात उपयोगी पडलीये. नवीन नेता विरोधी पक्षात असताना त्या मित्रदेशाबद्दल काय बोलला ते काढायचं आणि मग एकच प्रश्न विचारायचा, हे करायला दुसऱ्या देशाची संमती लागते का?

स्पेनमधे २००४ च्या मार्चला झापातेरो निवडून आले, इराकमधून सैन्य परत आणू असं आधीच सांगितलं होतं. १७ एप्रिलला शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी परत आणायचा हुकूम दिला, मे संपेपर्यंत साधारण १३०० सैनिक परत. स्वतःचं सैन्य, स्वतःचा हुकूम, कुणाला विचारायची गरज नाही. ऑस्ट्रेलियात केविन रड यांनी २००७ च्या निवडणुकीत तसंच आश्वासन दिलं आणि २००८ मधे इराकमधलं लढाऊ सैन्य काढलं, पण अफगाणिस्तानात ठेवलं, त्यामुळे अमेरिकेशी फारसं बिनसलं नाही. एका हाताने काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवायचं हे रड यांना छान जमलं, स्पेनला ते जमलं नाही आणि बुश यांच्या सरकारशी पुढे बरीच वर्षं थंडपणा राहिला.

आता याच्या उलट जपान. २००९ मधे युकिओ हातोयामा सत्तेवर आले ते फुतेन्मा इथला अमेरिकी तळ ओकिनावाच्या बाहेर हलवू असं सांगून. तळ दुसऱ्याचा, करार आधीच्या सरकारांनी केलेला, दुसरं कुठलं गाव तो घ्यायला तयार नाही. झालं काय, तर त्यांनी माघार घेतली आणि जून २०१० मधे राजीनामा दिला, नऊ महिन्यांत. तळ तिथेच. तर नियम साधा आहे, आपलं काढून घ्यायचं आश्वासन पाळलं जातं आणि दुसऱ्याचं हलवायचं आश्वासन अडकतं.

एक अपवाद ध्यानात ठेवा, आपल्या बंदरात कुणाला येऊ द्यायचं हेही आपल्याच हातात असतं. न्यूझीलंडमधे १९८४ ला डेव्हिड लाँगी आले, अण्वस्त्रं असलेली जहाजं येऊ देणार नाही म्हणाले, फेब्रुवारी १९८५ मधे अमेरिकेच्या ब्युकॅनन जहाजाला नकार दिला आणि १९८६ मधे अमेरिकेने न्यूझीलंडच्या संरक्षणाची जबाबदारीच स्थगित केली. १९८७ मधे न्यूझीलंडने त्याचा कायदा केला. १९९० मधे सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली तरी कायदा हलला नाही, कारण तोपर्यंत तो लोकांचा झाला होता. अमेरिकी युद्धनौका परत आली ती २०१६ मधे. म्हणजे नवा नेता आला की जुनं भांडण मिटतं असं धरून चालू नका, आधी बघा की भांडण नेत्याचं होतं की जनतेचं.

आणि कधीकधी बोलणं आणि करणं यात काही ताळमेळच नसतो. ली जे-म्युंग विरोधात असताना आधीच्या सरकारच्या जपान धोरणावर कडक टीका करायचे, जून २०२५ मधे दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि ऑगस्टमधे वॉशिंग्टनला जाताना आधी टोकियोला उतरले. वॉशिंग्टनचं काय होईल याची खात्री नसली की शेजारी एकदम जवळचा वाटायला लागतो.

नेता बोलतोय ते ऐका पण फौज काय करतेय ते बघा

इथे फिलिपिन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोड्रिगो दुतेर्ते. ऑक्टोबर २०१६ मधे बीजिंगला जाऊन त्यांनी जाहीर केलं की फिलिपिन्स अमेरिकेपासून वेगळा होतोय. जगभर हेडलाईन. पण पुढच्याच वर्षी मरावी शहरात अतिरेक्यांशी लढाई पेटली तेव्हा अमेरिकी सैन्य फिलिपिन्सच्या सैन्याला तांत्रिक मदत करत होतं आणि दुतेर्ते सांगत होते की मी तर मागितलीच नाही! त्यांच्याच सैन्याने घेतली होती. मोठा वार्षिक सराव बंद केला नाही, फक्त त्याचं रूप बदलून आपत्तीनिवारण आणि दहशतवादविरोधाकडे वळवलं.

फेब्रुवारी २०२० मधे मात्र त्यांनी खरा कागद हातात घेतला, अमेरिकी सैनिकांना देशात येऊ देणारा व्हिजिटिंग फोर्सेस करार मोडायची नोटीस दिली. निमित्त काय, तर त्यांच्या जवळच्या एका सिनेटरचा अमेरिकेने व्हिसा रद्द केला. नोटीस १८० दिवसांची होती. चार महिन्यांत तिला स्थगिती, मग परत स्थगिती, परत स्थगिती आणि जुलै २०२१ मधे अमेरिकेचे संरक्षणमंत्री मनिलाला आले तेव्हा नोटीस मागे. २०२२ मधे मार्कोस ज्युनियर आले आणि २०२३ मधे अमेरिकेला वापरायला दिलेले तळ ५ चे ९ झाले. सहा वर्षं वेगळं व्हायची भाषा ऐकली आणि शेवटी निघालं हे. दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांचे सत्तर वर्षांचे संबंध, एकत्र ट्रेनिंग, एकाच बनावटीची शस्त्रं, हे भाषणाने सुटत नाही.

समोरचा काय करतोय

बहुतेक लोक नवीन नेत्याकडेच बघत बसतात आणि खरा बदल दुसऱ्या बाजूला होत असतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, देशही तसेच, आणि हे फुंकणं नेता गेला तरी थांबत नाही.

बघायचं काय, तर पैसा आणि खरेदी. मार्च २०२५ मधे जर्मनीने संरक्षणखर्चासाठी घटनेतली कर्जाची मर्यादा सैल केली, तीही नवे चान्सेलर मेर्झ यांनी पद घ्यायच्या आधी जुन्या संसदेत. त्याच महिन्यात कॅनडाने ८८ एफ-३५ विमानांच्या खरेदीचा फेरविचार सुरू केला आणि उत्तरेकडच्या रडारसाठी ऑस्ट्रेलियाची टेक्नॉलॉजी निवडली. जून २०२५ मधे हेगला नाटोने २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं लक्ष्य ठरवलं, आधीचं २ टक्क्यांचं २०१४ चं होतं आणि तेच गाठताना कित्येकांची दमछाक झाली होती. नुसता फेरविचार म्हणजे रद्द नाही, ते वेगळं मोजा. पण विमान, पाणबुडी, रडार हे तीस-चाळीस वर्षांचे निर्णय असतात, एकदा दुसरीकडे ऑर्डर गेली की पुढचा नेता कितीही गोड असला तरी ती परत येत नाही. फ्रान्सचंच बघा, द गॉल यांनी १९६६ मधे नाटोच्या एकत्रित लष्करी कमांडमधून देश बाहेर काढला, नाटोचं मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला गेलं, आणि फ्रान्स परत आत आला २००९ मधे सार्कोझींच्या काळात. मधे किती राष्ट्राध्यक्ष होऊन गेले.

याच्या उलट जिथे पैसा आधीच गुंतलाय तिथे सत्ताबदल पचतो. ऑकस घ्या, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेचा पाणबुड्यांचा करार. सप्टेंबर २०२१ मधे मॉरिसन, बायडन आणि जॉन्सन यांनी जाहीर केला, आज तिघांपैकी एकही खुर्चीवर नाही. ऑस्ट्रेलियाच्या विरोधी पक्षाने पहिल्याच दिवशी पाठिंबा दिला होता, तिथेच अर्धं काम झालं. जून २०२५ मधे पेंटागॉनने रिव्ह्यू काढला तेव्हा संपलं म्हणणारे बरेच होते, पण ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारीतच ५० कोटी डॉलरचा पहिला हप्ता भरला होता आणि ऑक्टोबरमधे ट्रम्प यांनी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बनीज यांच्यासमोर काम जोरात पुढे जाणार असं सांगितलं. पाणबुड्या खरंच वेळेवर मिळतील का हा वेगळा विषय, तो अमेरिकेच्या कारखान्यांच्या क्षमतेचा आहे, नेत्यांचा नाही.

स्वतःचं कॅलेंडर करा

भाषणांऐवजी तारखा लिहून ठेवा. अमेरिका-कोरिया सैन्यखर्चाचा सध्याचा करार २०२६ ते २०३० चा आहे, तो संपताना जो कुणी दोन्हीकडे असेल त्यांची खरी परीक्षा. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करार जुलै २०२० पासून लागू आणि त्याचा सहा वर्षांनी आढावा घ्यायचं त्यातच लिहिलंय. नाटोची शिखर बैठक. वार्षिक सराव ठरल्या महिन्यात झाला का, किती मोठा झाला. राजदूताची जागा किती महिने रिकामी आहे. संरक्षणमंत्री टिकला का, कारण ट्रम्प यांचे संरक्षणमंत्री जिम मॅटिस यांनी डिसेंबर २०१८ मधे राजीनामा दिला तेव्हा पत्रात मित्रदेशांना मानाने वागवण्याचा मुद्दा स्पष्ट लिहिला होता, असा माणूस जातो तेव्हा एक ब्रेक निघालेला असतो. पहिले तीन महिने निष्कर्ष काढू नका, पहिलं बजेट आणि पहिली डेडलाईन येऊन गेली की मग बोला.

ही पद्धत कुठे चालत नाही

निवडणुकीने नाही तर बंडाने किंवा क्रांतीने माणूस बदलला की वरचं निम्मं गुंडाळून ठेवा. इराणमधे १९७९ ला शहा गेले, इराण सेंटो या लष्करी गटातून बाहेर पडला आणि त्याच वर्षी तो गटच बरखास्त झाला, सोव्हिएत क्षेपणास्त्र चाचण्यांवर नजर ठेवणारी अमेरिकेची केंद्रंही गेली. नोटीस, एक वर्ष, संसद, काही नाही. आफ्रिकेतल्या नायजरमधे जुलै २०२३ ला लष्कराने सत्ता घेतली आणि पुढच्या महिन्यात फ्रान्सबरोबरचे लष्करी करार रद्द केले. फ्रान्सचं म्हणणं होतं की हे करार कायदेशीर सरकारशी झालेत, यांना मोडायचा हक्कच नाही. कायद्याने बरोबर असेलही, पण तळाबाहेर गर्दी, रस्ते बंद, राजदूत दूतावासात अडकलेला, आणि २२ डिसेंबरला शेवटचा फ्रेंच सैनिक निघाला. अमेरिकेने बंडाला बंड म्हणायलाच ऑक्टोबरपर्यंत वेळ लावला, आगादेझचा ड्रोन तळ वाचावा म्हणून, त्यावर १० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. मार्च २०२४ मधे त्यांचाही करार रद्द आणि सप्टेंबरपर्यंत तेही बाहेर. तेव्हा अशा ठिकाणी कराराचं कलम वाचत बसण्यापेक्षा विमानतळाच्या गेटवर कुणाचा पहारा आहे आणि नव्या लोकांना शस्त्रं आणि पगाराला पैसे कोण देतंय एवढंच बघा.